गाणाऱ्या लेकराची वाट : लता मंगेशकर यांचे उदाहरण

गावातले एखादे लेकरू गोड गायले की आपण दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर "गळा छान आहे, बाप्पा!" असे म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि घरी येईपर्यंत विसरून जातो. नाहीतर त्या लेकराला गणपतीत, लग्नात, पुढाऱ्यांच्या सत्कारात, आल्यागेल्या पाहुण्यांपुढे, जिथे म्हणून चार माणसे जमतात तिथे उभे करून गायला लावतो. आमच्या बार्शीटाकळीकडच्या गावांतून दोन्ही प्रकार चालतात, आणि तुमच्याकडेही ते निराळे नसतील. यातून काही वर्षांनी होते काय? बहुतेक मुलांचे गाणे तेराव्या-चौदाव्या वर्षी थांबते. गळा कुठे गेला म्हणून कोणी विचारीतही नाही.

मग ज्यांचे गाणे थांबले नाही, त्यांच्या बाबतीत वेगळे काय घडले? हे समजून घ्यायला आपल्या ओळखीचे एक उदाहरण घेऊ. लता मंगेशकर हे नाव ज्या घरात ठाऊक नाही असे घर महाराष्ट्रात सापडणे कठीण. पण आपण त्यांना ओळखतो ते मोठेपणच्या आवाजावरून. नऊ वर्षांची लता आणि तेरा वर्षांची लता आपल्याला फारशी माहीत नसते. आणि शिकण्यासारखे पुष्कळसे तिथेच आहे.

बार्शीटाकळीच्या स्टेशनावरून जाणारी जुनी छोटी लाईन अकोला, अकोट, खंडवा करीत थेट इंदूरला जाऊन मिळत असे. त्या इंदुरात २८ सप्टेंबर १९२९ रोजी लताबाईंचा जन्म झाला. वडील मास्टर दीनानाथ मंगेशकर गोमंतकातील मंगेशीचे. आई खानदेशातील तापीकाठच्या थाळनेरची. दीनानाथ स्वतःच लहान वयात किर्लोस्कर संगीत मंडळीत नट म्हणून दाखल झालेले; पुढे १९१८ मध्ये त्यांनी बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली. म्हणजे लहानपणी रंगभूमीवर उभे राहणे काय असते, टाळ्या काय करतात आणि काय करीत नाहीत, हे या बापाला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मुलीचे पाळण्यातले नाव हेमा. पुढे 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून ते लता झाले.

घरात शिष्य येत, तालीम चाले. मुलगी आसपास खेळत असे, पण तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. एके दिवशी दीनानाथ एका शिष्याला पूरिया धनाश्रीची तालीम देऊन बाहेर गेले. शिष्याचे कुठेतरी चुकत होते. पाच-सहा वर्षांच्या लताने त्याला थांबवून, "असे नाही, असे आहे," म्हणून ती जागा गाऊन दाखविली. परत आलेल्या वडिलांनी ते दाराशी उभे राहून ऐकले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी मुलीला उठवले आणि तोच राग घेऊन शिकवायला बसले. हा प्रसंग लताबाईंनीच पुढे अनेकदा सांगितला आहे.

आता असे पाहा, की या बापाला काय काय करता आले असते. कंपनी त्यांची स्वतःची होती, नाट्यगृहे हाताशी होती. दुसऱ्याच दिवशी "पाच वर्षांची गायिका" अशी जाहिरात करून तिकिटे विकता आली असती. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी आधी पहाट दिली, तंबोरा दिला. रंगमंच नंतर आला, आणि तोही बेताबेताने. एकदा 'सौभद्र' नाटकात नारदाचे काम करणारा नट अचानक आजारी पडला, तेव्हा ही मुलगी नारद म्हणून उभी राहिली. अर्जुन होते खुद्द वडील. ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात वडिलांबरोबर तिने जलशात शास्त्रीय गाणे गायले; तेव्हा नऊ वर्षे पुरी व्हायला काही दिवस कमी होते. आपले गाणे झाल्यावर ती तिथेच वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली, असे त्या सांगत. त्या झोपेत मला मोठा अर्थ दिसतो. मुलगी गात होती, पण अजून मूल होती. गाण्याचे ओझे बापाच्या खांद्यावर होते.

१६ डिसेंबर १९४१ रोजी, वयाच्या तेराव्या वर्षी, ती पहिल्यांदा रेडिओवर गायली. ही तारीख लताबाई शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. ऐंशी वर्षे झाली तेव्हा त्यांनी ती आवर्जून सांगितली. पण या आनंदाला दृष्ट लागावी तसे झाले. दीनानाथांनी नाटकाचा धंदा उतरत चालला म्हणून चित्रपट काढून पाहिले होते, त्यात पैसा बुडाला. प्रकृती खालावली. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात ते वारले. मागे पत्नी आणि पाच मुले : लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. थोरली साडेबारा वर्षांची.

इथून गोष्ट बदलते. आजवर गाणे हे शिक्षण होते. आता ते पोट झाले. मंगेशकरांचे स्नेही मास्टर विनायक यांनी या कुटुंबाला आधार दिला. 'पहिली मंगळागौर' या १९४२ च्या चित्रपटात लताला लहानसे काम मिळाले आणि गाणेही मिळाले. त्याच वर्षी 'किती हसाल' या चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकर यांच्या चालीवर तिने एक गाणे गायले होते, पण ते अखेर चित्रपटातून वगळले गेले. पहिलेच गाणे कात्रीत सापडले! पुढे विनायकरावांच्या कंपनीबरोबर कोल्हापूर आणि १९४५ साली मुंबई. धाकट्या आशानेही १९४३ मध्ये 'माझं बाळ' या चित्रपटात गायला सुरुवात केली. तिचे वय दहाच्या आत-बाहेर. एका घरातल्या दोन मुली अशा शाळेच्या वयात कामावर जाऊ लागल्या.

चित्रपटात काम करणे लताबाईंना कधी आवडले नाही. तोंडाला रंग लावणे, दिव्यांपुढे उभे राहणे, सांगितले की हसणे आणि सांगितले की रडणे याचा त्यांना मनापासून कंटाळा होता. पण घरात खाणारी तोंडे होती, म्हणून त्यांनी ते केले. हे आपण गोड शब्दांत गुंडाळू नये. कर्ता पुरुष गेल्यावर पोराने वखर धरावा तशी ही मुलगी कामाला लागली होती. आज यशाकडे पाहून आपण म्हणतो, "बरे झाले, लवकर सुरुवात झाली." पण त्या वेळी त्या मुलीला कोणी विचारले नव्हते.

पुष्कळ बालकलाकार इथेच संपतात. दिवसभर काम, संध्याकाळी थकवा, आणि जे येते त्यावरच भागते आहे म्हणून नवे शिकायचे राहून जाते. लताबाईंनी मुंबईत येताच उलट केले. मिळवती झालेली ही मुलगी पुन्हा विद्यार्थिनी झाली. भेंडीबाजार घराण्याचे उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे तिने गंडा बांधून रीतसर शिक्षण सुरू केले. या घराण्यात सरगमेला आणि लांब दमसासाला फार मान. पुढे चित्रपटगीताच्या तीन मिनिटांत एकेक स्वर नेमका बसतो असे आपण ज्यास म्हणतो, त्याची पूर्वतयारी ही अशी झालेली आहे.

ऑगस्ट १९४७ मध्ये मास्टर विनायक वारले आणि तो आधारही गेला. लताबाई आता अठराव्या वर्षात होत्या. त्यांनी अभिनय सोडला आणि पार्श्वगायन हाच मार्ग धरला. संगीतकार गुलाम हैदर त्यांना घेऊन निर्माते शशधर मुखर्जी यांच्याकडे गेले. मुखर्जींनी ऐकले आणि आवाज फार बारीक आहे म्हणून नापसंत केला. गुलाम हैदरांना याचा राग आला. त्यांनी १९४८ च्या 'मजबूर' चित्रपटात तिच्याकडून गाऊन घेतले आणि तिथून लोकांचे लक्ष वेधले.

इथे थोडे थांबून हा "बारीक आवाज" समजून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. नाटकाच्या काळात ध्वनिक्षेपक नव्हता. नटाला शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसापर्यंत आवाज पोचवावा लागे, म्हणून चढा, भरदार, खुला गळा हवा असे. सुरुवातीच्या बोलपटांतही नट-नट्या त्याच वळणाने, जड आवाजात गात. पण मायक्रोफोनला ओरडण्याची गरज नसते. तो कुजबुजही टिपतो. भरदार आवाजातली नुसती ताकद त्याला नको असते. त्याला हवी असते ती स्वच्छता. स्वर नेमका लागला आहे का, शब्द स्पष्ट आहे का, श्वास मध्येच ऐकू येतो का, हे तो चव्हाट्यावर मांडतो. रंगमंचावर जो आवाज लहान ठरला असता तोच मायक्रोफोनपुढे निर्दोष ठरला. संगीतकार अनिल विश्वास यांनी लताबाईंना मायक्रोफोनपुढे श्वास कसा घ्यावा, ओळीत कुठे घ्यावा, म्हणजे ऐकणाऱ्याला तो कळणार नाही, हे शिकविले. त्याचे श्रेय त्या त्यांना नेहमी देत.

आणखी एक उणीव होती ती भाषेची. हिंदी चित्रपटगीतांत तेव्हा उर्दू शब्दांचा भरणा. मुंबईच्या लोकल गाडीत अनिल विश्वास यांनी दिलीपकुमारांशी ओळख करून दिली, तेव्हा ही मुलगी महाराष्ट्रीय आहे हे ऐकून ते म्हणाले की या लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. मुलीला लागले. पण तिने भांडण केले नाही की रुसून बसली नाही. एका मौलवींची शिकवणी लावली आणि उच्चार घासून पुसून घेतले. गुरुजी, आपल्या वर्गात जे मूल 'श'ला 'स' म्हणते, त्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

१९४९ साली 'महल' चित्रपट आला. संगीत खेमचंद प्रकाश यांचे. त्यातले गाजलेले गाणे दुरून जवळ येत असल्याचा भास व्हावा म्हणून लताबाई ध्वनिमुद्रणाच्या वेळी खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या. आज यंत्राचे बटण फिरवून जे होते, ते तेव्हा पायांनी करावे लागे. पण गंमत पुढेच आहे. त्या गाण्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हतेच. नाव होते कामिनी, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे! तशी रीतच होती. गाणे रेडिओवर लागले आणि श्रोत्यांची पत्रे येऊ लागली : ही गाते कोण? रेडिओने तबकडी काढणाऱ्या कंपनीकडे विचारणा केली आणि मग नाव जाहीर झाले. तुमच्या-आमच्यासारख्या ऐकणाऱ्यांनी एक कार्ड टाकून विचारले, म्हणून पडद्यामागच्या माणसाला नाव मिळाले. श्रोता म्हणजे काही नुसता कान नव्हे!

रेडिओ आणि सिनेमाचे गाणे यांचे नाते पुढे काही काळ बिघडले हेही सांगितले पाहिजे. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर होते. सिनेमाच्या गाण्याने लोकांची अभिरुची बिघडते अशा मताने त्यांनी ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ बंद केली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवून सिलोन लावले. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि गाणे घरी परत आले. लोकांच्या आवडीला वळण लावता येते, पण तिला दार बंद करता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

नावाचा प्रश्न सुटला तरी हक्काचा उरला होता. फिल्मफेअरच्या पुरस्कारांत गाण्याला पुरस्कार होता, पण तो संगीतकाराला; गाणाऱ्याला नव्हता. 'चोरी चोरी' चित्रपटातले गाणे समारंभात गाण्याची विनंती झाली तेव्हा लताबाईंनी नकार दिला : ज्यांना पुरस्कार दिला आहे त्यांनाच वाजवू द्या, गाणारा तुमच्या हिशेबी नाही. १९५९ साली गायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान 'मधुमती'तील गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. साठीच्या दशकात त्यांनी गायकांना रॉयल्टी मिळावी, म्हणजे तबकडी विकली जाईल तसा वाटा मिळत राहावा, असा आग्रह धरला. मोहम्मद रफींचे मत वेगळे होते : एकदा मेहनताना घेतला की आपला हक्क संपला. दोघेही प्रामाणिक, पण काही वर्षे ते एकत्र गायले नाहीत. पुढे १९९४ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराईट कायद्यात कलावंताचा हक्क मानला गेला आणि २०१२ च्या दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्कही आला. पोरवयात ज्यांनी दुसऱ्याने ठरविलेल्या मोबदल्यावर काम केले, त्यांना या हक्काची किंमत अधिक कळली असेल तर नवल नाही.

पुढचे यश सर्वांना ठाऊक आहे. ते थोडक्यात सांगतो. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर कवी प्रदीप यांचे वीर जवानांवरचे गीत, १९७४ मध्ये लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल, १९८९ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, २००१ ची भारतरत्न पदवी. 'आनंदघन' या नावाने त्यांनी मराठी चित्रपटांना संगीतही दिले. 'साधी माणसं' हा त्यातला एक. किती हजार गाणी गायल्या याचे आकडे जो तो वेगळे सांगतो. त्या मोजणीत आपण पडायला नको. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

आता तुम्ही म्हणाल, "ही तर लाखात एक. आमच्या पोरांना याचा काय उपयोग?" तर दुसरे उदाहरण पाहा. कुमार गंधर्व यांचा जन्म १९२४ चा, बेळगाव जिल्ह्यातला. सात-आठ वर्षांचे असताना ते मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गात. गावोगाव जलसे होत, लोक थक्क होत. पण ते शेवटी नकलेचे गाणे. पुढे त्यांना मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवले. ज्याला आधीच गंधर्व म्हटले गेले होते ते पोर गुरूसमोर विद्यार्थी म्हणून बसले आणि कित्येक वर्षे बसले. म्हणून पुढे त्यांचे स्वतःचे गाणे जन्माला आले. लताबाई काय, कुमारजी काय, दोघांची किल्ली एकच : टाळ्या मिळाल्यावरही शिकणे बंद झाले नाही.

आणि ज्यांचे थांबते त्यांचे का थांबते? एक कारण शरीराचे आहे. बारा ते पंधराच्या सुमारास मुलाचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. यालाच आपण गळा फुटणे म्हणतो. मुलींचाही आवाज बदलतो, पण थोडा, दोन-तीन सुरांनी. या दिवसांत आवाज फाटतो, पट्टी सापडत नाही. ज्या मुलाकडे फक्त गोड गळा होता, त्याचे भांडवल इथे संपते. ज्याच्याकडे स्वरज्ञान, ताल आणि कान आहे, त्याचा गळा बदलला तरी विद्या शिल्लक राहते. बी पेरण्याआधी वावर तयार करावे लागते, ते यासाठी.

आज दूरचित्रवाणीमुळे ही गोष्ट घरोघरची झाली आहे. झी मराठीवरील 'लिटल चॅम्प्स' स्पर्धेत २००९ साली आळंदीची कार्तिकी गायकवाड पहिली आली, तेव्हा खेड्यापाड्यांतून पोरे गाऊ लागली. ते चांगलेच झाले. पण पालकांनी आणि गुरुजींनी एक कायदा माहीत करून घ्यावा. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये बदल झाला आणि २०१७ मध्ये नियम आले. त्यांप्रमाणे चौदा वर्षांखालील बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांहून अधिक आणि विसाव्याशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शाळा बुडू नये याची व्यवस्था करावी लागते आणि मुलाच्या कमाईतील निदान २० टक्के रक्कम त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदतठेव म्हणून ठेवावी लागते. मुलाच्या मनाविरुद्ध त्याला उभे करता येत नाही. १९४२ साली साडेबारा वर्षांच्या लतेला यातले काहीही संरक्षण नव्हते.

शेवटी गुरुजनांना चार गोष्टी सुचवतो. त्यांना खर्च नाही. पहिली, मूल ज्या पट्टीत सहज गाते ती त्याची पट्टी. पेटीवाल्याच्या सोयीसाठी ती चढवू नका, आणि भोंग्याशी स्पर्धा करून ओरडायला लावू नका. दुसरी, गळा फुटण्याच्या दिवसांत मुलाला हसू नका. हळू गाऊ द्या, ताल धरू द्या, ऐकू द्या. तिसरी, एकट्याला मंचावर चढविण्याआधी समूहात बसवा. आपल्या वऱ्हाडात गावोगाव भजनी मंडळे आहेत, तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली सामुदायिक प्रार्थना आहे. दहा गळ्यांत आपला गळा मिसळता येणे हे स्वरज्ञानाचे पहिले पुस्तक होय. तिथे फी नाही आणि निकालही नाही. आणि चौथी, शाबासकी देताना "छान गायलास" इथे थांबू नका, "पुढे काय शिकतोस?" हेही विचारा.

सगळीच मुले लता मंगेशकर होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. कोणी शेतकरी होईल, कोणी परिचारिका, कोणी तुमच्या जागी मास्तर. पण पहाटे वखर घेऊन निघालेला माणूस सुरात गुणगुणत गेला, तरी त्याच्या शाळेत कोणीतरी ते लेकरू गाण्यासाठी जपले होते असे खुशाल समजावे.